दुसऱ्या गिअरचा हिसका

गॅरेजमधले सगळे त्याला वैद्य म्हणत, आणि ते नाव त्यानं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. स्पोर्ट्स कारच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं काही बिनसलं की गाडी त्याच्याकडे यायची. नवख्या गिऱ्हाइकाला तो ऐटीत सांगायचा, "यात क्लच दोन. एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा समजा. थोरली एक, तीन, पाच नंबरचा गिअर सांभाळते, धाकटी दोन, चार, सहा. एक वाढत असते तेव्हा दुसरी पुढचं ताट तयार ठेवते. गिअर गाडी आपला आपण बदलते, आणि कधी बदलला ते कळतसुद्धा नाही." गिऱ्हाईक हसलं की वैद्य खूश.

लाल टू-सीटरवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाही स्वारी अशीच रंगात होती. बाईंनी उभा जन्म लग्नाचे पोशाख शिवले. दुकान लेकीच्या हवाली केलं आणि मग हौसेनं ही गाडी घेतली. तक्रार एवढीच, की रहदारीत हळूहळू सरकताना गाडी थरथरते, हिसके देते. वैद्य एकटाच चक्कर मारून आला. गाडीनं हूं की चूं केलं नाही. गाडीला तपासणीची मशीन लावून बघायचीही त्याला गरज वाटली नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तीही सगळ्यांसमोर.

"बाई, गाडी ठणठणीत आहे. पाय कच्चा आहे तुमचा. नाचता येईना, अंगण वाकडं!"

मेकॅनिक खो खो हसले. बाईही ओशाळून हसल्या. "असेल हो. वय झालं आता," म्हणाल्या. शेजारी उभी असलेली लेक मात्र हसली नाही. ती आईच्या पायांकडे बघत होती.

काही आठवड्यांनी त्या दोघी परत आल्या. लेकीनं गाडी विकायला काढली होती.

"तुम्हीच म्हणालात ना पाय कच्चा झालाय म्हणून? किल्ली मी काढूनच घेतली. उद्या कुणाच्या अंगावर घातली तर?"

"विकायच्या आधी मला एकदा चालवू दे ना गं," बाई म्हणाल्या. आईनं लेकीकडे हट्ट करावा तशा नाही, परवानगी मागावी तशा.

"वैद्य शेजारी बसणार असतील तर चालव."

वैद्य बसला. बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, ती मुंगीच्या पावलानं सरकत होती. गाडीनं पहिला सोडून दुसरा गिअर घेतला आणि खालून थरथर सुरू झाली. मग हिसका. मग आणखी एक. वैद्यानं बाईंच्या पायाकडे पाहिलं. शिवणयंत्राच्या पायट्यावर आयुष्य काढलेला तो पाय होता. झिरझिरीत कापडावर टाके घालताना ठेवावा तसा तो अ‍ॅक्सिलरेटरवर हलका, एकसारखा टेकलेला होता. त्यात काडीची चूक नव्हती.

"माफ करा हं," प्रत्येक हिसक्याला बाई पुटपुटत होत्या. "माझंच चुकतंय."

वैद्याला सगळं कळलं. तो स्वतः रहदारीत गाडी कधी रेंगाळू देत नसे. पुढं भरपूर जागा होईपर्यंत थांबायचं आणि मग एका दमात पुढं न्यायची, ही क्लच जपायची त्याच्या पायाची जुनी खोड. धाकट्या क्लचला दुसऱ्या गिअरात रखडायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती. मग दुखणं दिसणार कुठून? ज्या पायाचा त्याला एवढा तोरा, त्यानंच त्याला फसवलं होतं.

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. गॅरेजच्या दारात लेकीनं विचारलं, "बघितलंत ना?" त्यावर त्यानं नुसतं "हं" केलं, आणि त्या एका "हं"ची त्याला पहिल्या बोलण्यापेक्षाही जास्त लाज वाटली.

मशीन लावली. धाकट्या क्लचचे आकडे हद्दीच्या पार बाहेर गेले होते. आता तरी गप्प बसायची सोय उरली नव्हती. खरं तर होती. मशीनचा पडदा त्याच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. पण बाकावर बसून बाई गाडीच्या खणातलं आपलं सामान पिशवीत भरत होत्या, आणि ते त्याला बघवेना.

"इकडे या रे सगळे," तो मेकॅनिकांना म्हणाला. "त्या दिवशी हसला होता ना? मग आता ऐका. बाईंचा पाय माझ्यापेक्षा चांगला आहे. अंगणच वाकडं होतं. मी नीट बघितलं नाही आणि वर तोंड वाजवलं. बाई, चुकलो मी."

कुणी हसलं नाही. लेकीनं पर्समधली किल्ली काढून निमूटपणे आईपुढे धरली. बाईंनी ती लगेच घेतली नाही.

"किल्ली जायच्या आधीच नातीला शाळेतून आणायचं मी स्वतःहून बंद केलं हो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पायाचा भरवसा नाही, पोर शेजारी नको."

वैद्यानं बाईंची पिशवी उचलली आणि त्यातलं सामान परत गाडीच्या खणात ठेवलं.

नवा क्लच बसवला, त्याची पकड जुळवून घेतली. गाडी न्यायला बाई आल्या तेव्हा तो न सांगताच शेजारी बसला. तोच रस्ता, तशीच रांग. गाडीनं पहिला सोडून दुसरा गिअर घेतला. थरथर नाही, हिसका नाही, काही नाही.

तरी बाईंनी दचकून त्याच्याकडे पाहिलं.

"आत्ता चुकलं का माझं?"

"नाही, बाई."

गाडी वीतभर पुढं सरकली.

"आणि आत्ता?"