बाराशे मीटरच्या खाली

"ओढू नकोस," सिक्स्टन म्हणाला. "ओढू नकोस म्हणतोय. झालं. मेलीस."

समोरचा पडदा लाल झाला. डीसाने दांडा सोडला आणि घामेजलेले तळवे पँटीला पुसले. एका जुन्या लढाऊ विमानाचं नाक तेवढं कापून आणून संग्रहालयाच्या हॉलमध्ये बसवलं होतं. आत खरी खुर्ची, खरी घड्याळं, खरा दांडा; भोवती वाकडे पडदे, आणि पडद्यांवर खालचं जंगल नि दलदल. एकेकाळी इथे हवाई तळ होता. तळ गेला, म्हातारे वैमानिक उरले. ते आता रविवारी आलेल्या लोकांना या नाकात बसवून खोटंखोटं उडवायला शिकवत, आणि उरलेला वेळ कॉफी पीत एकमेकांच्या फजित्या उगाळत.

सिक्स्टन त्यातला सगळ्यात तिखट. ऐंशी ओलांडली तरी कणा ताठ, आणि जीभ कण्याहून ताठ. बाहेरच्या टेबलावर बसून तो बटणं दाबायचा. डीसाचं विमान वर न्यायचा, पाडायचा, पुन्हा वर न्यायचा.

"तुझे हातच तुझे वैरी आहेत, पोरी. विमान पडायला लागलं की माणूस दांडा पोटाशी ओढतो. नाक वर, नाक वर. अगं, नाक वर आहे म्हणूनच ते पडतंय. पंखांना हवा धरता येत नाहीये. दांडा पुढे रेट, नाक खाली घाल आणि गप्प बस. वेग आला की मग हळूच ओढ. घाईने ओढलंस की पुन्हा तेच. घटस्फोटाच्या वेळी बसली होतीस ना वर्षभर मान खाली घालून, तसंच."

"आणि वेग आलाच नाही तर?"

"बाराशे मीटरच्या खाली गेलीस की विचार करायचा नाही. खुर्चीखालचं पिवळं हँडल ओढायचं, खुर्चीसकट बाहेर. विमान सरकारचं, मान आपली."

"पुन्हा लावा, सिक्स्टनकाका."

सप्टेंबरात तिच्या बापाला जाऊन पन्नास वर्षं होत होती. टोर्केलचं विमान ग्रानमीरा गावाबाहेरच्या दलदलीत पडलं तेव्हा डीसा पाळण्यात होती. गावच्या शाळेसमोर त्याच्या नावाचा दगड आहे. त्यावर लिहिलंय की उडी मारून याला जगता आलं असतं, पण विमान शाळेवर पडू नये म्हणून ते वळवत हा शेवटपर्यंत आत बसून राहिला. दरवर्षी तिथे मुलं गातात, म्हातारे वैमानिक टोप्या काढतात, मग सगळे बदामाच्या हिरव्या मार्झिपानचा केक खातात. पुढच्या रांगेत डीसाची आई, यर्डिस. डीसा त्या दगडाखालीच वाढली म्हणा ना. गणितात नापास झाली तेव्हा आई म्हणाली, तुझा बाप शाळेसाठी मेला आणि तू शाळेत हे दिवे लावतेस. नवऱ्याला सोडलं तेव्हा म्हणाली, तुझ्या बापाने शेवटपर्यंत काही सोडलं नाही. मेलेली म्हैस मणभर दूध देते. ही तर पन्नास वर्षं आटली नव्हती.

यंदा संग्रहालयाच्या प्रमुख बाईने, यानिकेने, टूम काढली. समारंभात मुलीने सगळ्यांसमोर या नाकात बसायचं आणि बाप ज्यातून निघू शकला नाही त्या पडण्यातून विमान बाहेर काढायचं. वर्तमानपत्रवाले येणार होते. डीसाला विचारायच्या आधी आईने होकार कळवला होता.

ऑगस्ट संपता संपता डीसाला जमायला लागलं. चार हजार मीटरवर सिक्स्टन विमान पाडायचा, ती दांडा पुढे रेटायची, दात आवळून थांबायची, आणि दोन हजाराच्या आसपास क्षितिज पुन्हा आडवं व्हायचं. सिक्स्टन 'बरं' म्हणायचा. त्याच्या तोंडून हे म्हणजे पदक.

त्या दिवशी ती म्हणाली, "काका, शाळा दाखवा ना. बाबांनी वळवलं ते मला करून बघायचंय. लोकांना दाखवता येईल."

सिक्स्टन बटणांवरचा हात तसाच ठेवून तिच्याकडे पाहत राहिला. मग गालातल्या गालात हसला.

"बघायचंय? बघ की."

त्याने विमान बाराशेवर आणून सोडलं. नाक वर, पोट खाली, वाळलं पान पडावं तसं डोलत ते पडत होतं. डावीकडे जंगलापलीकडे शाळेचं लाल छप्पर दिसत होतं.

"वळव," सिक्स्टन म्हणाला.

तिने दांडा उजवीकडे दाबला. काही झालं नाही. पायाखालचं पेडल दाबलं. विमान डोललं आणि सरळ खाली पडत राहिलं.

"वळव ना. पोरं आहेत खाली, गातायत."

तिने दोन्ही हातांनी दांडा रेटला. पडदा लाल झाला. विमान दलदलीत होतं, जिथे तिच्या बापाचं पडलं तिथेच.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं. मग पुन्हा. विमान दर वेळी दलदलीत पडलं आणि शाळा दर वेळी लांब आपल्या जागी राहिली. शेवटी सिक्स्टनने स्वतःच यंत्र बंद केलं आणि दालचिनीच्या बनचा तुकडा तोंडात टाकला.

"पंखच हवा धरत नाहीत तर वळवणार कशानं, पोरी? शेपूट धरून? तशा विमानात वैमानिक म्हणजे बसमधला प्रवासी. वळवलं म्हणे. दगड लावणारे कधी विमानात बसलेत?"

"दगड तुम्ही लावलात."

"मग. वर्गणी काढली आम्ही."

डीसा नाकातून बाहेर आली. शिडीलाच टेकून उभी राहिली. "मग बाबा आत का बसून राहिले? बाराशेच्या खाली उडी मारायची, तुम्हीच सांगता."

"एप्रिलात मारली होती की त्याने." सिक्स्टन खुलला होता, आवडता किस्सा सांगताना म्हातारे खुलतात तसा. "इंजिन पेटलं, मारली उडी. बरोबरच केलं, चौकशीत कुणी बोट ठेवलं नाही. पण विमान तलावाच्या तळाशी, आणि हा बहाद्दर हवाई छत्री काखेत मारून चिखलातून चालत तळाच्या फाटकाशी. मी म्हटलं, आलं बघा पायदळ. चिकटलं ते. जेवायला आला की पोरं बूट आपटायची, डावा, उजवा. हवेत रेडिओवरसुद्धा सोडत नव्हतो आम्ही. पायदळ, तुमची उंची किती? तो उन्हाळाभर हसलोय आम्ही. पोटं दुखेपर्यंत."

"आणि सप्टेंबरात?"

"सप्टेंबरात मी त्याच्या बाजूला उडत होतो. वळण जास्त आवळलं त्याने, पडायला लागला. बाराशेच्या खाली गेला तेव्हा मी ओरडलो, उडी मार. तर म्हणतो," सिक्स्टनने तोंडातला घास गिळला, "म्हणतो, या खेपेला चालत येणार नाही."

हॉलमध्ये कुणीतरी कॉफीचं यंत्र सुरू केलं. ते घुरघुरत राहिलं.

"पन्नास वर्षं हे कुणाला बोलला नाहीत?"

"मग काय कोरायचं होतं दगडावर? थट्टेला भिऊन मेला? शाळा बरी होती. जवळच होती. तुझ्या आईला निवृत्तिवेतनापेक्षा त्याच दगडाचा जास्त आधार." त्याने बोटांवरची साखर झटकली. "तुला नको असेल दगड तर सांग जाऊन तिला. मी अडवलंय का?"

ती सांगू शकली नाही. तीनदा आईच्या घरी गेली आणि तीनदा समारंभाला कुठला कोट घालायचा यावर बोलून परत आली.

समारंभाला हॉल भरला. आई पुढच्या रांगेत निळ्या कोटात, मागे म्हातारे वैमानिक टोप्या मांडीवर घेऊन. बाहेर एक मोठा पडदा लावला होता, डीसाला आत दिसे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. सिक्स्टनच्या हातात माईक.

"मंडळी, चार हजार मीटर," तो म्हणाला. "आपल्या टोर्केलची मुलगी. आता मी पंखांखालची हवा काढून घेतो. ही बघा, गेली. आता ती दांडा पुढे रेटेल. रेट, पोरी."

डीसाने दांडा पोटाशी ओढला.

"पुढे. पुढे म्हणतोय." लोक हसले. "घाबरली. होतं असं."

तिने ओढूनच धरला. तीन हजार. दोन हजार. सिक्स्टनला कळलं, त्याचा आवाज उतरला आणि मग बंदच झाला. माईकमधून नुसता श्वास येत होता. डावीकडे लाल छप्पर आलं. बाराशेचा काटा ओलांडला आणि डीसाने पिवळं हँडल ओढलं.

पडद्यावर खुर्ची वर उडाली, छत्री उघडली. मोठ्या अक्षरांत आलं, वैमानिक जिवंत. खाली रिकामं विमान डोलत डोलत गेलं आणि आपलं आपण दलदलीत पडलं.

वर्तमानपत्राची तरुण मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "अरेच्चा, म्हणजे शाळेवर नसतंच पडलं?"

यानिके केकजवळच्या बशा उगाच सरळ करायला लागली.

यर्डिस उठली. काठी टेकत नाकापाशी आली, पडद्यावरच्या छत्रीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"पायदळ," ती म्हणाली.

मागच्या रांगेत दोघातिघांना जुन्या सवयीने हसू फुटलं. एकाचे बूट फरशीवर वाजलेसुद्धा. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते छताकडे बघू लागले.

डीसाने हा शब्द आईपुढे कधी काढला नव्हता. गावात तो कुणाला ठाऊक नव्हता. आणि आईच्या तोंडून तो असा आला, जिभेला चांगलं वळण असल्यासारखा. म्हणजे तो उन्हाळा घरातही तसाच गेला होता. जेवणाच्या टेबलाशी, पाळण्याशेजारी. दगड बापासाठी नव्हताच. तो उचलला असता तर खाली आई सापडली असती.

"पुन्हा कर," आई म्हणाली. "आणि नीट कर. लोक बसलेत."

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माईक चालूच होता. आईला ते लेकीच्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तिची हनुवटी थरथरली. पण ती मागे सरकली नाही. ही बोलणार नाही याची तिला खात्री होती. बोलणारी मुलगी तिने वाढवलीच नव्हती.

डीसा तिच्या हनुवटीकडे बघत राहिली. एवढी म्हातारी झालीय ही, तिच्या मनात आलं, आणि त्या कीवेची तिला घाण वाटली.

"काका," ती म्हणाली, "चार हजारावर न्या."

सिक्स्टनने माईकवर हात ठेवला आणि शिडी चढून आत वाकला. "हँडल मात्र अचूक उंचीला ओढलंस," तो पुटपुटला. "पुस्तकात आहे तस्सं." मग सरळ होऊन सगळ्यांना म्हणाला, "मंडळी, ती झाली गंमत. आता बघा खरं."

विमान पडायला लागलं. हात मागे खेचू बघत होते. डीसाने दांडा पुढे रेटला आणि तसाच धरला. काचेत सगळीकडे जंगलच जंगल झालं, झाड न् झाड दिसू लागलं, आणि ती गप्प बसून राहिली. वेग आला. तिने हळूच ओढलं. क्षितिज आडवं झालं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. फोटो काढले. वर्तमानपत्राची मुलगी वही उघडून यर्डिसपाशी गेली आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

"हात बापावर गेलेत," यर्डिस म्हणाली. "लिहा तसं."