मागच्या गल्लीतले डबे

देवासच्या बाजारातल्या एका कॉम्प्लेक्सची सगळी देखभाल भास्करकडे होती. मागच्या गल्लीतले कचऱ्याचे तीन डबे सहा वर्षांचे झाले होते. उन्हाने प्लास्टिक इतकं कडक झालं होतं, की नुसतं बोट दाबलं तरी कपचा निघायचा. झाकणं केव्हाच गेली होती. मधल्या डब्याच्या बुडाला चीर पडून कॉम्प्लेक्समधल्या हॉटेलचं उष्टं पाणी गल्लीभर पसरत होतं.

"भास्करभाऊ, आता बदला हे डबे," झाडलोट करणाऱ्या दुर्गाबाई म्हणाल्या. "झाकण नाही म्हणून कुत्री येतात. आधी दोन होती, आता सात झालीत."

"दिवाळीनंतर बघू ना, बाई. उभे तर आहेत."

"उभे आहेत हो. पण काल टोपली रिकामी करायला गेले, तर मला जाऊच देईनात."

मालकाच्या कानावर घालायचं भास्करने ठरवलं, आणि विसरून गेला.

आठवड्याने दुपारी तो स्वतःच मागे गेला. मधला डबा उभा फाटला होता, कचरा बाहेर सांडला होता. कुत्री अकरा होती. त्याने "हाड" म्हटलं, तर एकही हललं नाही. त्यांतल्या एका काळ्या कुत्रीने फक्त दात दाखवले. भास्कर पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे सरकत बाहेर आला. त्याने ताबडतोब डबे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावून नवे डबे मागवले.

"परसों पहुँच जाएँगे, भिया," दुकानदार म्हणाला.

मागे जाऊ नका, हे दुर्गाबाईंना सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची किंकाळी ऐकून तो काठी घेऊन धावला, तोवर पोटरीचा लचका तुटला होता.

दवाखान्यात त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या तिकडे कोणाला पाठवू नका."

नवे डबे आले. लोखंडी, घट्ट झाकणांचे. दुपारी कुत्री पांगलेली बघून भास्करने कचरा त्यांत भरून झाकणं लावली. संध्याकाळी कुत्री आली. त्यांनी वास घेतला, पत्रा खरवडला. मग काळी कुत्री मागच्या जिन्याकडे वळली, आणि तिच्यामागे बाकीची. वरच्या मजल्यावर ट्यूशन सुटली होती. पोरं दणदण उतरत होती.

"वरच थांबा रे!" भास्कर ओरडला आणि आत शिरून जिन्याचं दार त्याने ओढून घेतलं. कडी गंजलेली होती, बसेना. त्याने तिथूनच फोन करून कुत्री पकडणारी गाडी बोलावली, ती यायला तासभर लागला. तेवढा वेळ तो पाठीने दार रेटून उभा होता, आणि पलीकडून नखं दाराला लागत होती.