पाखऱ्याची घाटी

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात हिवरखेडच्या खुशालरावांची डावी बाजू लकव्यानं गेली आणि गोदाबाई नवऱ्याला घेऊन अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात येऊन राहिल्या. आषाढ लागला तरी खुशालरावांना धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. सगळा भार उजव्या पायावर. डावा पाय जमिनीला टेकलाय की नाही, हेच त्यांना कळत नसे.

व्यायाम करवणाऱ्या अनुपमाबाई मुंबईला शिकून आलेल्या. त्या म्हणाल्या, "पायाला कळत नाही ना, मग कानाला कळू दे. कमरेला घंटी बांधू. कलंडलात की वाजेल, की लगेच सावरायचं. आधाराशिवाय शंभर आकडे मोजेपर्यंत उभे राहिलात, तर पोळ्याला घरी."

पोळा! पंचवीस वर्षं खुशालरावांनी आपला बैल स्वतःच्या हातानं तोरणाखाली नेऊन उभा केला होता. गोदाबाईंनी हौसेनं गावाहून पाखऱ्या बैलाच्याच गळ्यातली पितळी घाटी मागवली. तिथंच चुकलं.

घाटी रोज जास्तच वाजू लागली. गोदाबाई बोटांच्या पेरांवर वीस-वीसच्या विसा मोजत. पाच विसा व्हायला हव्या होत्या, पण पंधरा दिवस दोन विसांपुढे काही सरकेना. एका सकाळी त्यांनी निरखून पाहिलं. नवरा डोळे मिटून मुद्दाम उजवीकडे झुकत होता.

"काहून झुकता? वाजून राहिली ना!"

"वाजू दे. पाखऱ्या बांधावरून येऊन राहिला, असं वाटते."

गोदाबाईंना आधी राग आला, मग ओसरला. त्यांनी लाजतच अनुपमाबाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची घाटी सोडली आणि आढ्याला दोरी बांधून डाव्या खांद्याशेजारी टांगली.

"आता डाव्या पायावर भार द्याल, तरच खांदा लागून वाजेल."

"लय खट हाय ही बाई," खुशालराव पुटपुटले. पण त्या आवाजासाठी मुका पायही हळूहळू भार घेऊ लागला. श्रावण सरता सरता चार विसा झाल्या.

चारच. "ऐंशी म्हणजे शंभर नव्हे," अनुपमाबाई म्हणाल्या. "वाटेत पडलात तर सगळं पहिल्यापासून."

पोळ्याच्या आदल्या दिवशी धाकटा दीर सूर्यभान आला. दाराशीच घुटमळला.

"वयनी, पाखऱ्या बिनघाटीचा कसा उभा करू? लोक हासतीन."

गोदाबाई काही बोलायच्या आत खुशालरावच म्हणाले, "ने. त्याची हाय ते. अन् शिंगं नीट रंगव, मांगच्यासारखी नोको."

पोळ्याच्या दुपारी ते आपणहून उभे राहिले. दोरी रिकामीच लोंबत होती. गोदाबाई मोजू लागल्या. दुसऱ्या विसेला त्यांच्या ध्यानात आलं, की नवऱ्याचा डावा खांदा सारखा त्या दोरीकडे जातोय, तिथं काहीच नसलेल्या जागी. आणि त्यामुळेच तो उभा आहे, कधी नव्हे इतका सरळ. तीन विसा. चार. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. गावात आता बैल तोरणाखाली लागले असतील; तोरण तुटून बैल सुटले, की पोळा फुटला.

पाच विसा झाल्या. गोदाबाईंनी सांगितलं नाही.

"पोळा फुटला असन काय गं?" खुशालरावांनी विचारलं.

"नाही अजून," गोदाबाई म्हणाल्या आणि पेरांवर अंगठा पुढे सरकवत राहिल्या.