सहा वाजता जागी होणारी गिटार

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या माजी सैनिकांच्या क्लबात गर्दी व्हायची ती मटणाच्या सोडतीसाठी; नंबर लागला की मटणाचा ट्रे घरी. पण त्या हिवाळ्यात सोडतीचे ट्रे काउंटरवर तसेच पडून राहायचे आणि अख्खा गाव बाहेरून आलेल्या कॉर्मॅक व्हेलच्या गिटारीपुढे दाटीवाटीने उभा असायचा. आमच्या बंदरात दर दुसऱ्या घरात एक इलेक्ट्रिक गिटार आहे. ती उघडून आतल्या तारा इकडच्या तिकडे जोडण्याची खाजही पुष्कळांना आहे. असल्या लोकांना तरी कोणी गिटारीवरून फसवू शकणार नाही, असं मी समजत होते.

"मंडळी, लाकूड मरत नाही, लाकूड झोपतं," कॉर्मॅक डोळे मिटून सांगायचा. मग एक धून वाजवायचा. "ऐकलंत? गाढ झोपलीय. आता गेलेली माणसं तिला उठवतील."

तेवढ्यात सहा वाजायचे. रोज सहाला क्लबातले दिवे मंद होतात, सगळे उठतात, युद्धात पडलेल्यांच्या नावांच्या भिंतीकडे तोंड करून मिनिटभर गप्प उभे राहतात. ती भिंत व्यासपीठाच्या बरोबर समोर आहे, म्हणजे कॉर्मॅककडे सगळ्यांची पाठ. त्या मिनिटात मागे वळून पाहील असा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. दिवे लागले की तो तीच धून पुन्हा वाजवायचा आणि आवाज असा भरदार यायचा की लोक डोळे पुसायचे. पाठोपाठ आपापल्या गिटारी 'जाग्या' करून घ्यायला रांग लागायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि नेव्ह टिपेट वारला तोपर्यंत त्याच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवलीय. ही फसवणूक आहे, हे सांगून सांगून माझा घसा बसला. सोडतीचे नंबर पुकारणारा रेग म्हणाला, "ग्लेनिस, पोरं तुझं वर्गात ऐकत नाहीत, तो राग इथे काढू नकोस." सगळे हसले. माझं डोकं भणभणत होतं.

मग एका शुक्रवारी नेव्हची बायको मॉरीन त्याची गिटार घेऊन आली.

कॉर्मॅकने गिटारीवरून हात फिरवला. "हिचे पिकअप दुःखाने मेलेत. हे मी नेतो, समुद्राला देतो. नवे, जिवंत बसवतो. मग तुमचा नेव्ह बोलेल."

पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की त्या गुंडाळीत वीज उठते. दुःखाने मरायला त्यात आहे काय?

"मॉरीन, अगं, नको देऊस."

"तुझा नवरा घरी टीव्हीपुढे बसलाय, ग्लेनिस," ती म्हणाली. "तुला काय जातं नको म्हणायला?"

सहा वाजले. मीही भिंतीकडे वळले. तिथे माझ्या मामाचं नाव आहे. मान खाली होती, पण कान उघडे होते. मागे कॉर्मॅकच्या अँप्लिफायरची बारीक गुणगुण चालली होती. मध्येच 'टक' झालं आणि ती गुणगुण एकदम फुगली. तारेला तर कोणाचा हातही लागला नव्हता.

मला संताप आला. आम्ही माना खाली घालायच्या आणि ह्याने त्या मिनिटात हातचलाखी करायची.

दिवे लागल्याबरोबर मी व्यासपीठावर चढले आणि त्याच्या गिटारीचं एक गोल बटण चिमटीत धरून खाली दाबलं, मग वर ओढलं. टक, टक. गुणगुण उतरली, वाढली.

"बटणाखाली खटका आहे," मी म्हणाले. "खाली असला की दोन पिकअप शेजारी शेजारी जोडलेले, वर ओढला की एकामागे एक. टॉर्चमध्ये एकाऐवजी दोन सेल टाकले की उजेड वाढतो ना, तसंच. कोणत्याही दुकानात मिळतो."

"खटका फक्त दार उघडतो, बाई," कॉर्मॅक गोड हसला. "आत येतो तो आत्मा."

"मग बघूया. मंडळी, फिरवा पाठी. रेग, तू सांग जागी कुठली."

मी खटका खाली ठेवून झोपलेली वाजवली, पण अँप्लिफायर वाढवून. मग खटका वर ओढून जागी, अँप्लिफायर उतरवून.

"पहिली," रेग ठामपणे म्हणाला. "पहिलीच जागी."

पहिल्या वेळी बटण खाली होतं, हे मी त्याला दाखवलं. रेगचा चेहरा पडला. खटक्याने आवाज जाड होतो, नाही कोण म्हणतं? पण आपला कान मोठ्या आवाजालाच चांगलं म्हणतो, आणि उरलेलं काम कॉर्मॅकच्या तोंडाने केलं होतं.

"आमचे जुने पिकअप कुठायत?" मागून कोणीतरी विचारलं.

"समुद्रात," कॉर्मॅक म्हणाला आणि दाराकडे सरकला. ते पिकअप त्याच्या व्हॅनमध्ये सापडले, कागदात गुंडाळलेले. जुन्या पिकअपना शहरात चढ्या भावाने गिऱ्हाईक असतं.

मी नेव्हच्या गिटारीचं झाकण उघडलं. गुंडाळ्यांवर निळा दोरा घट्ट लपेटलेला होता. मॉरीन वाकून बघत राहिली.

"हा माझा दोरा," ती म्हणाली. "माझं शिवणयंत्र अडवून बसला होता तो. काय करतोस म्हणून मी किती बोलले त्याला."

"हेच करत होता. हे त्याने स्वतः गुंडाळलेत."

"आणि मी ते देऊन टाकणार होते." तिने विचारलं, "मग तो बोलणार नाही?"

"नाही, मॉरीन. वाजवणारे हात गेले."

ती रडली. मग तिने झाकण स्वतः बसवलं आणि गिटार घरी नेली.

अजूनही गावात काही जण म्हणतात, बाकीच्यांचं माहीत नाही, आमची मात्र खरंच जागी झाली. त्यांच्यापुढे मी हात टेकलेत. तुम्हाला एवढंच सांगते: गेलेल्यांसाठी मान जरूर खाली घाला. पण त्यांच्या नावाने कोणी तुमच्याकडे काही मागत असेल, तर आधी मान वर करा आणि त्याचे हात बघा.