मठातून आलेलं लेकरू

मुरुडच्या रुद्राणीला स्वतःच्या हुशारीचा भारी अभिमान. लातूर नवा जिल्हा झाला, कोर्टकचेऱ्या जवळ आल्या, तेव्हा तिनंच नवऱ्यामागं टुमणं लावलं, "सिद्धूचं दत्तक कोर्टातून पक्कं करून घ्या. लेकरू कर्नाटकातलं, आपण हिकडचे. उद्या कुणी बोट दाखवाया नको."

सिद्धू म्हणजे तिच्या चुलत बहिणीचा, गुरम्माचा धाकटा. दुष्काळात गुरम्माचा नवरा गेला. पदरात चार लेकरं, घरात दाणा नाही. तेव्हा तिनं तान्ह्या सिद्धूला देगलूरच्या मठात स्वामींच्या ओटीत घातलं आणि स्वामींनी तो रुद्राणीच्या पदरात टाकला. ही युक्तीही रुद्राणीचीच. प्रसाद म्हणून मिळालेलं लेकरू कोण परत मागतंय?

लातूरच्या वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "म्हणजे आईनं मूल तुमच्या हातात दिलंच नाही?"

"स्वामींनी दिलं की!"

"कायद्याला ते चालत नाही, बाई. आईनं स्वतः द्यायचं, तुम्ही स्वतः घ्यायचं. आजच्या घडीला हा मुलगा तुमचा नाही."

रुद्राणीच्या पायाखालची जमीनच सरकली. इतकी वर्षं न्हाऊमाखू घातलेलं पोर, आणि म्हणे तुमचा नाही!

"बहिणीला बोलवा, दत्तविधान नीट करा," वकील म्हणाले. "मग कोर्टापुढं जाऊ."

पुढच्या सोमवारी गुरम्मा आली. वकिलांच्याच ओसरीवर सतरंजी अंथरली, नारळ ठेवला. द्यायचं तर मूल आधी आईच्या मांडीवर हवं. म्हणून रुद्राणीनं आपल्याच हातानं चार वर्षांच्या सिद्धूला तिथं बसवलं आणि पदर पसरून समोर बसली.

गुरम्मानं त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं, केसांवरून हात फिरवला. फिरवतच राहिली.

"दे की गं," रुद्राणी म्हणाली.

"अक्का, मी ह्याला मठाला दिलतं. उपाशी मरू नये म्हून. अक्काला देतीस का, आसं मला कुणी पुसलंच न्हाई." तिनं लेकराला पोटाशी धरलं. "आन् औंदा ज्वारी लई झालीय."

सिद्धूला काहीच कळेना. तो रुद्राणीकडं हात पसरून रडायला लागला, "आई, घे ना!"

ती झेपावली, तसे वकीलसाहेब हळूच म्हणाले, "थांबा, बाई. त्यांनी दिल्याशिवाय घेऊ नका."