दोन सालांचा कापूस

वीरभद्र आप्पांनी आयुष्यात मोप थापा मारल्या होत्या, पण कापसाच्या बाबतीत अजून एकही नाही. गंमत अशी, की वडवणीकरांना नेमकं उलटं वाटायचं.

मुंबईच्या बंदरात सुटलेली बोट आपण दातात दोर धरून दोन तास थोपवली, असं आप्पांनी सांगितलं की पारावरचे लोक माना डोलवायचे. "आसंल बे, दात बघा की म्हाताऱ्याचे!" आणि आप्पा खरं बोलायला लागले, की शंभरेक वर्षांमागं अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून कापूस विकला, आपल्या काळ्या रानातला कापूस आगबोटीत बसून गेला, त्या पैशाच्या धुंदीत माणसांनी दर्यात भराव टाकून जमीन केली, पुढं गोद्या झाल्या, गिरण्यांची धुराडी उठली, तर सारा पार हसून लोळायचा.

"दर्या बुजवला? आप्पा, हितं आमच्यानं वढ्यावरचा खड्डा बुजंना!"

एकतीस वर्षं ते मुंबईत कॉटन ग्रीनच्या गोदामांत होते. देशभरातून रेल्वेनं कापसाच्या गाठी यायच्या. गाठीतून चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू काळ्या कोटाच्या बाहीवर मांडायचे आणि लांबी सांगायची. आप्पांनी सांगितलं की व्यापारी मान हलवायचा आणि गाठी बोटीवर चढायच्या. तिथंच शिवडीच्या खोलीत त्यांची बायको महानंदा वारली. मूलबाळ नव्हतं. आप्पा कोट घेऊन गावी परतले, ते नेमके दुष्काळाच्या तोंडावर. मग सगळ्यांसारखी त्यांनीही रस्त्याच्या कामावर वर्षभर खडी फोडली. संध्याकाळी एका भाकरीपुरतं पीठ मळायचं, चुलीशी बसायचं आणि चुलीलाच गोदीतल्या गोष्टी सांगायच्या. चूल निदान हसत नव्हती.

दुष्काळ सरला, रानं पिकली, आणि सोसायटीनं वडवणीत कापूस खरेदीचं केंद्र काढलं. प्रत पारखायला माणूस हवा होता. चेअरमन अर्जुनरावांनी निरोप धाडला, "आप्पांना बोलवा. खरंच येतं का थापाच हायेत, ते एकदाचं बघू."

त्या दिवशी आप्पांनी कोट झटकून घातला. पगाराचं त्यांच्या मनातही नव्हतं. एक टेबल, समोर कापूस आणि आपण बोललेलं कुणीतरी कागदावर उतरवून घेतंय, एवढंच त्यांना हवं होतं.

केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती. पहिली गाडी अर्जुनरावांची. तिला हार घातला होता, बैलांच्या शिंगांना गोंडे होते. सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ वही उघडून बसले होते.

"माझ्याच गाडीपासून करा सुरू," अर्जुनराव म्हणाले. "सांगा आप्पा, कसा हाय माल?"

आप्पांनी बोंडातला कापूस घेतला, अंगठ्यांत धरला, ओढला. काहीच कळेना. पुन्हा ओढला. अंगठ्यांवर खडीनं शिंगासारखी कातडी चढवली होती. तंतू सुटले की तुटले, बोटांना पत्ताच नव्हता. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"काय आप्पा, दर्यात बुडालं का समदं?" मागून सुग्रीव ओरडला. तो रांगेतला शेवटचा गाडीवान.

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि कापूस वरच्या ओठावर टेकवला. डोळे मिटले. हळूच फिरवला.

"अय, म्हातारा कापूस खायला लागला!"

हशा उसळला. आप्पांना तो ऐकूच आला नाही. ओठाला सगळं कळत होतं. वरचा कापूस यंदाचा, पाऊस प्यालेला, मऊ. त्यांनी कोपरापर्यंत हात खुपसून गाडीच्या तळातला काढला, तोही ओठाला लावला. हा कोरडा, आखूड, जीव गेलेला. तहानेल्या झाडाचा. दुष्काळात आख्ख्या शिवारात एकट्या अर्जुनरावांच्या विहिरीला बोटभर पाणी होतं, कापूस आला तो त्यांच्याच रानात, हे तिथल्या बैलांनाही ठाऊक होतं.

आता एवढंच म्हणायचं होतं, की माल पहिल्या प्रतीचा. टेबल समोरच होतं.

"ह्या गाडीत दोन सालं हायेत, अर्जुनराव," आप्पा म्हणाले. "वर यंदाचं, खाली दुष्काळाचं. खालच्याला पहिली प्रत लागायची न्हाई."

बद्रीनाथांची लेखणी वहीवर अडली. अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला, मग ते मोठ्यानं हसले. "घ्या! आता ओठानं साल वळखायला लागले! कावून आप्पा, दर्याबी आसाच बुजवलता का, ओठानं?"

चेअरमन हसले म्हटल्यावर सगळेच हसले. उशिरा, पण हसले. बद्रीनाथांनी मान खाली घालून लिहिलं, पहिली प्रत. पारखीचं काम बद्रीनाथांच्याच मेहुण्याला, भारतला, मिळालं.

आप्पा एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसले. शेजारी आष्टीकडचा एक अनोळखी माणूस गठुडं घेऊन गाडीची वाट बघत होता.

"कोट लई झ्याक हाय," तो सहज म्हणाला. "साहेब हायसा काय?"

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. मग पाय वर घेऊन मांडी घातली.

"कापसाच्या केंद्रावर पारखी हाय मी. आजच बसलो. चेअरमनचीच गाडी पहिली आली. हात लावला आन् सांगितलं, एका सालाचा, पहिल्या प्रतीचा, डाग न्हाई. चेअरमननं सोता खुर्ची वढून दिली, म्हणला, बसा आप्पा."

"आरं तिच्या मायला!" माणूस खूष झाला. "इद्या हाय हातात. मग काम कायमचं?"

"मरेस्तोवर."

कापसावरची त्यांची ती पहिली थाप, आणि माणसानं ती शब्दन् शब्द खरी मानली. आप्पा गोदीचं सांगायला वळणार, एवढ्यात गाडी आली. माणूस गठुडं उचलून पळाला, खिडकीतून त्यानं हात हलवला. गाडी वळणाआड गेल्यावरही आप्पांचा हात वरच होता.