विमान सुटलं, भात चढला

उमरठच्या बनुबाईंच्या घरचा नियम साधा. पाहुण्याचा फोन यायचा, "गाडीनं महाड सोडलं," की चुलीवर भात चढायचा. माणूस उंबऱ्यात आणि गरम भात पानात. आजवर कधी चुकलं नव्हतं.

लेकीच्या, अपेक्षाच्या लग्नाच्या दिवशी सकाळीच भावाचा फोन आला. दत्ताराम नागपूरला नोकरीला. आईबाप गेल्यावर बनुबाईंना माहेर म्हणून तेवढाच एक जीव उरलेला. पुण्याची तिकिटं संपली म्हणून गडी कोल्हापूरच्या विमानात बसला होता. "ताई, सुटतंय विमान," एवढं म्हणाला आणि फोन बंद.

बनुबाईंच्या नवऱ्यानं, राजेशनं मोबाइलवर बघितलं. "सातशे किलोमीटर. पावणेदोन तास फक्त." झालं. सुटलं म्हणजे आलंच, या हिशेबानं बनुबाईंनी भात चढवला आणि राजेशनं भटजींना सांगून टाकलं, दुपारच्या मुहूर्ताला मामा हजर. कोल्हापूर आणि उमरठच्या मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. धन्य ती जोडी.

भात गार झाला. मुहूर्त टळायला आला, तेव्हा दत्तारामचा फोन. "ताई गो, महाबळेश्वरात अडकलोय. मे महिना, गाडी हलत नाय. तुम्ही उरकून घ्या."

उरकून घ्या म्हणे! मुलीला बोहल्यावर आणायचं मामानं, आणि मामा घाटमाथ्यावर गाडीत बसलेला. मुलाकडची माणसं आता काय म्हणतील? चुलत मामाला उभा करा, असं दोघातिघांनी सुचवलंही.

व्याही महिपतराव ऐकत होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रोज मोटारसायकलनं पाळीला जाणारा माणूस, बोलणं बेताचं. भटजींना म्हणाले, "संध्याकाळचा मुहूर्त बघा. सख्खा मामा हाय, मग उसना कशाला?" फेटा डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी गाडीला किक मारली आणि महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाची वाट धरली.

बनुबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. वऱ्हाड उपाशी, पण एकानं तोंड वाकडं केलं नाही. नवऱ्या मुलाची आई तर अपेक्षाच्या गजऱ्यावर पाणी शिंपडत बसल्या होत्या, सुकू नये म्हणून. पोर नुसत्या घरात नाही, माणसांत पडली, असं बनुबाईंना वाटलं आणि त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. वाऱ्याचा आवाज, मागोमाग महिपतरावांचा.

"विहीणबाई, मामाला मागं बसवलाय. घाट उतरलो. भात चढवा."

आता हा नियम यांना कोणी सांगितला? दत्तारामनंच सांगितला असणार, मागे बसल्या बसल्या. बनुबाईंनी डोळे पुसले, गार भात बाजूला काढला आणि तांदूळ धुवायला घेतले. भावापुरते घ्यायचे, तिथं त्यांनी दोघांचे घेतले.